घाण्याच्या पट्ट्यावरची जाळी

मी एक लोखंडी जाळी बोलतेय. सध्या कोर्टाच्या मागच्या खोलीत, एका मोडक्या सायकलीला टेकून उभी आहे. माझ्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी आहे आणि तिच्यावर खटल्याचा क्रमांक. मला फार बोलता येत नाही. जे पाहिलं, ऐकलं तेवढंच सांगते.

माझा जन्म इरबिद शहरातल्या एका लोहाराच्या दुकानात झाला. अजलूनच्या डोंगरातल्या एका गावात अबू रातिबने ऑलिव्हचा नवा घाणा टाकला होता. ऑलिव्ह खड्ड्यातून वर नेणारा रबरी पट्टा, आणि खाली तो ज्या रुळावरून वळतो ती जागा, या दोन्हींवर बसेल अशी जाळी त्याला हवी होती. लोहार म्हातारा होता. मला जोडून झाल्यावर त्याने स्वतःची करंगळी माझ्या एकेका घरात घालून पाहिली. जिथे ती आत गेली तिथे आणखी एक सळई लावली.

"पान अडकलं तर आधी पट्टा बंद," तो म्हणाला. "मग चार बोल्ट काढायचे, मग ही बाजूला करायची. उलटं करू नकोस."

"उस्ता, मी घाणा काढतोय, तुरुंग नाही," अबू रातिब हसला. पण त्याने मला नीट गोणपाटात गुंडाळून गाडीत ठेवलं.

पहिला हंगाम मी चारही बोल्टवर घट्ट बसले होते. ऑक्टोबर लागला की गाव घाण्यावर जमायचं. आपले ऑलिव्ह दुसऱ्याच्या ऑलिव्हमध्ये मिसळू नयेत म्हणून माणसं स्वतःच्या पोत्यांवरच बसून राहायची. पहिल्या तेलात भाकरी बुडवून खायची. ऑलिव्हबरोबर पानं यायची, डहाळ्या यायच्या, आणि त्या रुळाशी गोळा होऊन अडकायच्या. मग पट्टा बंद, पाना आणा, चार बोल्ट, सफाई, पुन्हा चार बोल्ट. तेवढ्यात बाहेर आरडाओरडा सुरू.

"अबू रातिब, माझ्या नातीचं लग्न ठरायच्या आत माझं तेल निघेल का रे?"

"अहो, त्याला सांगा, ऑलिव्हला पुन्हा पालवी फुटायला लागली पोत्यात!"

अबू रातिबला लोकांचं बोलणं लागायचं. दुसऱ्या वर्षी त्याने दोनच बोल्ट लावले. पुढच्या वर्षी एकच. मी तिरकी लोंबत राहायचे आणि पट्टा चालू असला की थरथरायचे. एका दुपारी पानं चारदा अडकली. तेव्हा त्याने मला काढलं आणि भिंतीला उभं केलं. म्हणाला, "आजचा दिवस."

त्या भिंतीशी मी हंगाम संपत येईपर्यंत उभी होते.

घाण्याला लागूनच उम्म वाजिहचं घर. तिला सगळे वाजिहची आई म्हणूनच ओळखत. मुलगा दूर आखातात, घरात ती आणि तिच्या अकरा कोंबड्या. एक दिवस ती कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"अबू रातिब, ही तुझ्या कामाची आहे का? कोल्ह्याने माझ्या दोन नेल्या. खुराड्याला दार नाही."

"घेऊन जा, उम्म वाजिह. तुझ्या कोंबड्यांना माझ्याकडून आहेर."

पोत्यांवर बसलेले सगळे हसले. एका बाजूने मला उम्म वाजिहने धरलं, दुसऱ्या बाजूने खितामने. खिताम अबू हायेल म्हाताऱ्याची विधवा सून. दोन मुली पदरात. हंगामात ती घाण्यावर पानं काढायचं काम करायची. तिने मला उजव्या हाताने उचललं होतं. त्या हाताला पिठाचा आणि तेलाचा वास होता.

मग मी तीन हिवाळे खुराड्याचं दार होते. खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं. सकाळी उम्म वाजिह तार सोडायची, संध्याकाळी बांधायची, कोंबड्यांशी बोलायची. कोल्हा यायचा, मला हुंगायचा आणि परत जायचा. माझ्या घरांत पिसं अडकली, विष्ठा वाळली, गंज चढला. घाण्याचा आवाज पलीकडून यायचा. तिथे माझी जागा मोकळी आहे हे मला माहीत होतं. पण जाळीला स्वतः चालत जाता येत नाही.

तिसऱ्या वर्षी नोव्हेंबरात, भर दुपारी, घाण्याच्या आवाजात एक माणसाचा आवाज मिसळला. घाणा लगेच थांबला नाही. कुणीतरी ओरडत होतं, "बटण कुठाय? बटण कुठाय?" उम्म वाजिह ओंजळीतले दाणे टाकून पळाली.

संध्याकाळी ती आली आणि खुराड्यापाशी मातीत बसली. कोंबड्यांना सांगावं तसं सांगत राहिली. खितामची बाही रुळात गेली, मागून हात. कोपराखाली काही उरलं नाही. अबू रातिबने स्वतः तिला गाडीत घालून इस्पितळात नेलं आणि वाटभर रडत होता. तो तुटलेला हात अबू हायेलने पांढऱ्या कपड्यात गुंडाळला आणि आपल्या मुलाच्या कबरीशेजारी पुरला.

"सुनेचा हात," ती म्हणत होती. "म्हाताऱ्याने सुनेचा हात पुरला गं बायांनो."

दुसऱ्या दिवशी ती इस्पितळात गेली असताना अबू रातिब पक्कड घेऊन आला. त्याने माझ्या तारा कापल्या. मग मला मांडीवर घेऊन तो काही वेळ तसाच बसला. "या रब, या रब," एवढंच पुटपुटत होता. नंतर उठला, नळीने मला धुतलं आणि घाण्याच्या यंत्रासारखा हिरवा रंग फासला. घाईत पिसंही रंगवली. चार नवे बोल्ट आणून मला जागेवर बसवलं. मला वाटायला हवं होतं की घरी आले. तसं वाटलं नाही.

दुपारी तपासणीचा माणूस आला. त्याने माझ्यावर हात ठेवला आणि त्याच्या बोटांना हिरवा रंग लागला. त्याने बोटांकडे पाहिलं, अबू रातिबकडे पाहिलं, रुमालाने बोटं पुसली. चहा आला. मग त्याने कागदावर लिहिलं की पट्ट्यावर जाळी बसवलेली आहे.

"जाळी होतीच," अबू रातिब म्हणाला. "तिनेच खालून हात घातला." पहिल्यांदा हे बोलताना त्याचा आवाज बसला होता. पुढच्या आठवड्यात तो तेच पोत्यांवरच्या लोकांना न अडखळता सांगायला लागला.

उम्म वाजिहच्या खुराड्याला त्याने नवं लाकडी दार लावून दिलं. ती भिंतीवरून म्हणाली, "दार फार छान आहे, अबू रातिब. कोंबड्यांना आवडलं. मी मात्र अजून आधीचंच दार शोधतेय."

खितामने वकील केला. तिचं मागणं साधं होतं. मुली पायांवर उभ्या राहीपर्यंत घर चालावं आणि लाकडाचा का होईना, एक हात मिळावा. एका हाताने कणीक मळता येत नाही, ऑलिव्ह झोडता येत नाहीत, मुलींच्या वेण्याही घालता येत नाहीत. घाण्यावरची माणसं बोलायची ते मला ऐकू यायचं. वकील म्हणाला होता, सगळं जाळीवर आहे. जाळी नव्हती तर चूक मालकाची. जाळी होती तर बाईची. आणि मी तर तिथेच होते, हिरवीगार, चार बोल्टवर.

मग एका शुक्रवारी घाणा बंद राहिला. नमाज आटोपून गावातली आणि शेजारच्या गावांतली चाळीसेक माणसं अबू रातिबबरोबर अबू हायेलच्या घरी जाहा घेऊन, म्हणजे समेट करा, खटला सोडा असं मागायला, निघाली. पुढे शेख मिसलेह, जो असले तंटे मिटवतो. आमच्याकडे पाहुणे असे मागणं घेऊन आले की यजमान कॉफी देतो, आणि पाहुणे कप खाली ठेवतात. मागितलेलं मिळेपर्यंत कुणी घोट घेत नाही. यजमान "प्या" म्हणाला की मिळालं. मग मागे फिरणं नाही. आणि अबू हायेलच्या दारातून आजवर भरला कप तसाच ठेवून कुणी उठलं नव्हतं.

घाण्यावर सामसूम झाली तशी उम्म वाजिह आत आली. हातात पाना. तिला पाना कुठल्या बाजूला फिरवायचा ते ठाऊक नव्हतं. पहिला बोल्ट तिने उलट आणखीच घट्ट केला आणि यंत्राच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. चौथा बोल्ट निघाला तेव्हा तिची बोटं सोलवटली होती. तिने मला डोक्यावर घेतलं आणि चढ चढायला लागली. थांबायची, दम घ्यायची, मला म्हणायची, "जड झालीस गं. सगळा रंगच खाल्लास की काय?"

अंगणात माणसं ओळीने बसली होती. तिने मला मधोमध, कॉफीच्या कपांसमोर ठेवलं. बाई पुरुषांच्या बैठकीत आलेली पाहून कुणीतरी "उम्म वाजिह!" म्हणून ओरडलं.

"थांबा," ती म्हणाली. "मी नव्हे, ही बोलणार आहे."

तिने पान्याच्या टोकाने माझा रंग खरवडला. खालून गंज निघाला, वाळकी विष्ठा निघाली, आणि एक तांबडं पीस.

"घाण्यावर कोंबड्या होत्या का रे, अबू रातिब? की तुझे ऑलिव्ह अंडी घालतात?"

कुणी हसलं नाही. अबू रातिबने मान खाली घातली ती वर केलीच नाही. शेख मिसलेह कप हातात धरून बसला होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की कप अर्धा रिकामा आहे.

"उम्म वाजिह," तो हळू म्हणाला, "तुला एका घोटाचा उशीर झाला. अबू हायेलनी आत्ताच शब्द दिला."

अबू हायेल माझ्याजवळ आला. गुडघे टेकून बसला. ते पीस त्याने दोन बोटांत धरलं आणि खूप वेळ पाहिलं. त्याच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं.

"पाहुणे दारात होते," तो म्हणाला. "मला दुसरं काही येत नाही."

कागद तयार होता, खटला मागे घेतल्याचा. सही खितामची हवी होती. ती दारात येऊन उभी राहिली. उजवी बाही दुमडून टाचणी लावलेली.

"काका," ती सासऱ्याला म्हणाली, "घर तुमचं. कॉफी तुमची. ते तुम्ही द्या, मी आड येणार नाही. हात माझा होता."

"पोरी, चाळीस माणसं बसलीत."

"मोजली मी. त्यांना सगळ्यांना दोन-दोन हात आहेत."

कुणीतरी मागून म्हणालं, सही जमत नसेल तर डावा अंगठा चालेल.

"उजवा अंगठा कबरस्तानात आहे," खिताम म्हणाली. "जाऊन घेऊन या. डावा मी माझ्याजवळ ठेवते."

शेख मिसलेहने उरलेली कॉफी जमिनीवर ओतली आणि उठला. मागून सगळे उठले. जाताना कुणी अबू हायेलला सलाम केला नाही.

त्यानंतर गाव त्या घराकडे फिरकलं नाही. ज्याचा शब्द पाळला गेला नाही त्याच्याकडे कोण कॉफी प्यायला जाईल? अबू रातिबने उम्म वाजिहवर जाळी चोरल्याची तक्रार केली. पोलिसांनी मला जप्त केलं आणि इथे आणलं. खितामच्या वकिलाने तिलाही साक्षीला बोलावलं.

"आजी," अबू रातिबच्या वकिलाने विचारलं, "हीच ती जाळी कशावरून? जाळ्या सगळ्या सारख्याच असतात."

"मी हिला तीन हिवाळे रोज उघडलं, मिटलं. तुम्ही तुमच्या बायकोला गर्दीत ओळखता ना?"

न्यायाधीशांनी हसू लपवायला तोंडावर हात धरला. पण वकील म्हणाला, चोरून आणलेल्या वस्तूचा पुरावा धरता येणार नाही. एक तज्ज्ञ माझा रंग खरवडून बाटलीत घेऊन गेला. त्याचा अहवाल यायचाय. दोन हंगाम असेच गेले.

प्रत्येक तारखेला मला उचलून समोर नेतात. बाकावर खिताम असते आणि तिच्या शेजारी अबू हायेल, मांडीवर कागदांची पिशवी. म्हातारा पूर्वीपेक्षा कमी बोलतो. तिची बाही सुटली तर टाचणी तोच लावतो. लावताना त्याची मान हलत असते आणि ती मुकाट्याने खांदा पुढे करते. काय हवं ते आता ते दोघं एकच सांगतात. पण निकाल कधी, ते कुणालाच सांगता येत नाही.

मागच्या तारखेला शिपाई मला परत आणत होता. वऱ्हांड्यात उम्म वाजिह अबू हायेलशी बोलत होती.

"घाणा सुरू झाला. खितामच्या जागी सीरियातून आलेली एक पोर ठेवलीय. बाह्या इतक्या लांब."

"आणि पट्टा?"

"उघडाच. मी विचारलं. म्हणाला, जाळी कोर्टात आहे, मी काय करू?"

शिपायाने मला सायकलीला टेकवलं, दिवा मालवला, कुलूप लावलं.

तेव्हापासून मला इथे उभं राहवत नाही. न्यायाधीशसाहेब, माझं काम फार थोडं आहे. हात आणि पट्टा यांच्यामध्ये उभं राहायचं. तुमचा निकाल लागेल तेव्हा लागो. बोलवाल तेव्हा साक्षीला मी परत येईन, कुठे पळून जाणार? पण ऑलिव्हचा हंगाम डिसेंबरपर्यंत असतो. तेवढे दिवस मला सोडा. नाहीतर कुणाला तरी पाठवून तो पट्टा आज, आत्ता, बंद करा.