गोलाच्या मागची जागा

फुटबॉल बघायला माणसं मैदानाच्या कडेला बसतात. आकाराम मात्र गेली सहा वर्षं गोलाच्या मागे उभा राहत होता. गोल अर्थात दुसऱ्या संघाचा. जाळीपासून दोन हातांवर पाय रोवायचे आणि समोरच्या गोलकीपरच्या मानगुटीवर नजर ठेवून त्याची बिनपाण्याने करायची, हा त्याचा नेम. मध्यंतरानंतर संघांनी बाजू बदलल्या की हाही टोपी सावरत दुसऱ्या टोकाला चालू लागे.

स्वतः त्याने उभ्या जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता. पण माधवनगरला यंत्रमागावर तीस वर्षं काढलेली. मागांच्या खडखडाटात शेजारच्याला तंबाखू मागायची तरी ओरडावं लागतं. माग सुटला, आवाज तेवढा राहिला, आणि माधवनगर क्लबने तो बिनपगारी कामाला लावला.

सगळ्यात जास्त आवाज खर्ची पडला तो पाटणच्या गोलकीपरवर. त्याला गावची पोरं 'बाळा' म्हणत. आकारामने त्याचं नाव ठेवलं होतं दोनभवऱ्या. कारण मागून त्याला त्या पोराचं एवढंच दिसे: एक नंबरची जर्सी, आखूड केस, आणि डोक्यावर शेजारी शेजारी दोन भोवरे. ज्याच्या डोक्यावर दोन भोवरे, त्याची दोन लग्नं, असं आपल्याकडे मानतात. आकारामला आयतं कोलीत मिळालं.

"ए दोनभवऱ्या! दोन बायका सांभाळशील, अन् एक बॉल सांभाळंना व्हय रं!" असं तो ओरडला की अख्खं मैदान खिदळायचं.

नुसत्या भोवऱ्यांवर भागत नसे. पहिल्या वर्षी तो पोरगा खालचे चेंडू सोडायचा, तेव्हा आकाराम ओरडला, "वाकाया कंबर दुखती का रं?" दुसऱ्या वर्षी पोरगा वाकायला लागला, तर याने दुसरी खोड काढली, "डावीकडं उशी घिऊन झोपलायस व्हय?" तिसऱ्या वर्षी पोरगं डावीकडेही जागं झालं. दरवर्षी आकारामला नवी चूक शोधावी लागे आणि त्याचा रागही वाढत जाई. पहिल्या वर्षी माधवनगरने पाटणवर चार गोल केले होते. गेल्या दोन वर्षांत एकही नाही. यावरून एखाद्याने काही हिशेब मांडला असता, पण चाहत्यांचा आणि हिशेबाचा काय संबंध!

यंदा लीग निम्म्यावर आली आणि निवडणूक लागली. पोलीस म्हणाले, बंदोबस्ताला माणूस नाही, मॅच बंद. माधवनगरच्या मैदानावर पुढाऱ्यांच्या हेलिकॉप्टरसाठी फक्कीचा मोठा गोल आखला गेला, आणि बरोब्बर पेनल्टीच्या जागी ती उतरायला लागली. दोन महिने मंडळी कट्ट्यावर बसून जांभया देत होती. आकारामचा घसा गंजायला आला.

रिकामा बसलेला बाप दुसरं काय करणार? त्याने पोरीचं लग्न काढलं. पल्लवी शिकलेली, हुशार. मध्यस्थाने पाटणचं स्थळ आणलं: मुलगा जयराज, खता-बियाण्याचं दुकान, घरचा ऊस, चुलता मिलिटरीत. कागदावर 'आवड: खेळ' असं लिहिलेलं. आकाराम म्हणाला, क्रिकेट असणार, हल्ली सगळ्यांना तेवढंच येतं. मुलगा बघायला आला, भिंतीला पाठ टेकून खाली मान घालून बसला. चेहरा गोड, बोलणं बेताचं. पसंती झाली. निघताना आकारामने रीतीप्रमाणे पाहुण्यांना टोपी-टॉवेल दिला आणि मुलाच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने टोपी चढवली. साखरपुड्याला फेटा होता. लग्नात फेटा आणि वर मुंडावळ्या.

पोरीची पाठवणी झाली तेव्हा दुपार तापली होती. जावयाने फेटा काढून करवलीच्या हातात दिला आणि सासऱ्याच्या पाया पडायला वाकला. आशीर्वादासाठी उचललेला आकारामचा हात वरच राहिला. खाली, घामाने चप्प बसलेल्या केसांत, शेजारी शेजारी दोन भोवरे होते.

लोकांना वाटलं, पोरगी निघाली म्हणून बापाला भरून आलंय.

गाडी गेल्यावर सपोर्टर मंडळाचा अध्यक्ष, सायकलवाला तानाजी, जवळ आला आणि त्याने आकारामच्या पाठीवर थाप मारली.

"आक्या, मानलं गड्या तुला! पाटणचा गोलकीपर दावणीलाच आणून बांधलास की!"

"तुला कवा कळलं?" आकारामने क्षीण आवाजात विचारलं.

"कवा म्हंजे? आमी सेंटरला बसतोय, सा वरसं त्येचं त्वांड बघतोय. साखरपुड्यातच वळखला."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

"आमाला वाटलं, ह्यो तुझाच डाव हाय!"

घरी अंजनाने कपाळावर हात मारला. "आवं, पोरीच्या दादल्याला दोन बायका करशील म्हणून सा वरसं बोंबलत हुता. बरं झालं, पत्रिकेत तुमचा आवाज न्हवता छापला."

निवडणूक संपली आणि लीग पुन्हा सुरू झाली. पहिलीच मॅच पाटणला, त्यांच्या उताराच्या मैदानावर. तिथे पाहुण्या संघाचा चेंडू आपोआप नदीकडे निघतो म्हणतात. हरलो तर माधवनगर खालच्या गटात जायची धास्ती. आठवडाभर कट्ट्यावर दुसरा विषय नव्हता. आणि मंडळींचा सारा भरवसा एकाच गोष्टीवर.

"बॅक लाइन कच्ची हाय आपली. फॉरवर्ड दोन म्हैनं पुढाऱ्यामागं जेवत हिंडलाय, पळाया येतंय का बघा त्येला," तानाजी म्हणे. "पर आपला आक्या हाय न्हवं! सासरा मागं उभा असला म्हंजे कुठल्या जावयाचं लक्ष लागंल?"

आकारामने घसा बसल्याची थाप मारली, भर उन्हात मफलर गुंडाळला. दुसऱ्या दिवसापासून कुणी ज्येष्ठमधाची काडी आणून दिली, कुणी खडीसाखर. एकाने तर गुळण्या करायला कोमट पाणी थर्मासमध्ये भरून आणलं. हा नको म्हणाला तरी गुळण्या होईपर्यंत मंडळी समोरून हलली नाहीत.

त्यातच पल्लवीचा फोन आला.

"आबा, मॅचला तुमी अन् आई नक्की या. पर आबा, गोलाच्या मागं नका उभं राहू."

"का गं?"

"आमचं सासरं रोज जेवताना म्हणत्यात, त्यो माधवनगरचा बोंबल्या यंदा गावला, की त्येची जीभच हासडतो. त्यास्नी ठाव न्हाई, त्यो कोण हाय त्ये." पोरीचा आवाज बारीक झाला. "मला लय भ्या वाटतंय, आबा."

आकारामने फोन ठेवला. पोरीला त्या घरात जाऊन पुरता महिना झाला नव्हता. आपल्या तोंडापायी तिला मान खाली घालावी लागली तर? आणि गप्प बसलं, तर ज्या मंडळींनी लग्नात जेवणाच्या पंगती वाढल्या, भांडी उचलली, त्यांना काय सांगायचं? त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही, आणि अंजनानेही पहिल्यांदाच त्याची चेष्टा केली नाही.

रविवारी दोन क्रूझर भरून मंडळी निघाली. कराडला वडापाव झाला. आकारामने खाल्ला नाही, तर तानाजी खूश होऊन म्हणाला, "बरोबर हाय. घसा तेलकट नको."

पाटणच्या मैदानावर पाय ठेवतो न ठेवतो तोच आकारामचे व्याही आप्पासो दोन्ही हात पसरून सामोरे आले. व्याह्याला फेटा बांधला, नारळ दिला आणि हाताला धरून थेट मांडवाखाली, सेंटरच्या समोर, गादी टाकलेल्या खुर्चीत नेऊन बसवलं. अंजना बायकांत पल्लवीशेजारी गेली. एरवी सेंटरला बसणारा तानाजी आणि मंडळी आज आकारामच्या जोडीला म्हणून लांब गोलाच्या मागे उभी होती. त्यांनी फेट्यातला आकाराम पाहिला आणि त्यांचे चेहरे पडले. आकारामला खुर्ची टोचायला लागली. पण मनातून सुटल्यासारखंही झालं. आता कुणी विचारलं तर सांगता येईल, व्याह्यांचा मान मोडवेना.

मॅचला पाच मिनिटं होती. जयराज हातमोजे काढत आला आणि पाया पडायला वाकला. भोवरे पुन्हा समोर आले. आकारामने घाईने नजर दुसरीकडे वळवली.

"मामा, हितं का बसलाय?" जयराज उकिडवा बसत हळूच म्हणाला.

"घसा बसलाय जरा," आकाराम कुजबुजला.

जयराज हसला. "मामा, मी पोरगी बघाया आलो तवाच वळखलं तुमाला. तुमी आत त्वांड करून 'अंजने, च्या टाक' म्हणालासा, अन् माझा हात आपसूक डावीकडं गेला."

आकारामच्या तोंडचं पाणी पळालं. "अन् तरी तुमी नकार न्हाई दिला?"

"कशाला दिऊ? तुमी कंबर दुखती का म्हणालासा, म्हैनाभर वाकायचा सराव केला. उशी घिऊन झोपतोस म्हणालासा, पुढचं वरीसभर डावीकडंच उड्या मारल्या. आमाला हितं कोच कुठला, मामा? गोलाच्या मागनं जेवढं दिसतं, तेवढं दुसऱ्या कुणाला दिसत न्हाई. दोन म्हैनं मॅच न्हाई, सवय मोडलीया. आज मागं तुमी नसला तर माझं काय खरं न्हाई."

"पर..." आकारामने चोरट्या नजरेने शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. "जीभ..."

आप्पासो पोट धरून हसत होते. "व्याही, तुमची जीभ हासडली तर आमचं प्वार शिकायचं कुणाकडनं? सून नवी हाय, तिची जरा गंमत केली. रोज भाकरी वाढता वाढता तिचा हात कापायचा की वो!"

जयराज मैदानात पळाला.  सहा वर्षं आपण घसा फोडून फोडून पाटणचा गोल बुजवत होतो, हे आता आकारामच्या ध्यानात आलं, आणि कान तापले. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. न ठाऊक असलेला माणूस एकच, आणि तो गोलाच्या सगळ्यात जवळ उभा असायचा.

आता तर गोष्ट फारच सोपी होती. माधवनगरचं भलं करायचं असेल तर या मऊ गादीवर गप्प बसून राहायचं. त्याने गोलाकडे पाहिलं. जयराज खांबाला हात लावून उभा होता आणि एकदा, दोनदा मागे वळून बघत होता. सहा वर्षांत हा पोरगा कधी मागे वळला नव्हता.  त्या क्षणी आकारामला क्लबची नाही, त्या पोराची माया आली, आणि आपण मुलगी योग्य घरी दिली म्हणून डोळे भरून आले.

त्याने फेटा सोडून खुर्चीवर ठेवला, खिशातली टोपी डोक्यावर घातली आणि उतारावरून चालू लागला.

"आला रं आला!" तानाजी नाचायलाच लागला. "मान सोडला, खुर्ची सोडली, पर क्लब न्हाई सोडला माझ्या गड्यानं!"

मंडळींनी त्याला वाट करून दिली. कुणीतरी थर्मासचं झाकण उघडलं. आकाराम जाळीपासून दोन हातांवर आपल्या जागी जाऊन उभा राहिला. शिट्टी वाजली. माधवनगरचा फॉरवर्ड चेंडू घेऊन उजव्या अंगाने सुटला, आणि आकारामने छाती भरून श्वास घेतला.

"ए दोन..." तो थबकला. ते नाव आता कायमचं गिळावं लागणार होतं. मग त्याने अख्ख्या पाटणला ऐकू जाईल असा आवाज काढला.

"आवं जयराजराव! डावीकडं सरका की जरा! का पल्लवीनं उशी दिलीया बरूबर?"

मैदान खदाखदा हसलं. माधवनगरच्या मंडळींनी टाळ्या पिटल्या, तानाजीने त्याला मिठी मारली आणि म्हणाला, "आजची मॅच तुझी, आक्या!"

जयराज मागे न वळता दोन पावलं डावीकडे सरकला.