शेजारचे पातळ पुस्तक

मित्रांनो, न्यायालयाच्या ग्रंथालयात खिडकीलगतच्या कपाटात पाठीची शिवण उसवलेला एक जाडजूड ग्रंथ दिसतो, तो मी. माझ्याशेजारच्या निळ्या पुठ्ठ्याच्या पातळ पुस्तकाकडे आत्ताच बघू नका. सगळे आधी त्यालाच बघतात.

माझ्या पोटात न्यायाधीशांचे जुने निवाडे आहेत. त्यांतला एक माझा फार लाडका. एक धोबीण कपडे पोचवायला भाड्याच्या घरात गेली होती. जिन्याचा कुजका कठडा तुटला आणि ती खाली पडली. घरमालक म्हणाला, "माझा करार भाडेकरूशी. ही बाई माझी कोण लागते?"

त्या काळी विधिमंडळाने याबद्दल कायदाच केलेला नव्हता. पण म्हणून दारात आलेल्या बाईला "कायदा झाला की ये" असे थोडेच सांगता येते? न्यायाधीशांनी आणखी जुने निवाडे काढले. एकात नावाड्याने गळक्या होडीत माणसे बसवली होती, दुसऱ्यात सराईचे छप्पर प्रवाशांवर कोसळले होते. त्यांतला धागा धरून त्यांनी लिहिले, 'घराची दुरुस्ती ज्याच्या हाती, त्याने तिथे रीतसर येणाऱ्या प्रत्येकाची काळजी घेतली पाहिजे.'

पुढे दुसऱ्या न्यायाधीशांनी तोच नियम दुकानाला लावला, मग शाळेला. निवाड्याला निवाडा जोडत कायदा वाढत गेला. वकील मला छातीशी धरून न्यायालयात नेत. काय तो माझा थाट!

मग विधिमंडळाने ठरवले, की सामान्य माणसाने एवढे जाड ग्रंथ कुठवर चाळायचे? त्यांनी तो नियम सोप्या कलमांत बसवला आणि हे निळे पुस्तक माझ्याशेजारी येऊन बसले. आयत्या बिळावर नागोबा! मेहनत आमची, मान त्याचा. वकील आले की दोन बोटांनी त्याला उचलत आणि चालू लागत. माझ्या पानांत कसर फिरू लागली. त्याची पाठ मात्र रोज पुसली जाई. माझा नुसता जळफळाट होई.

एके दिवशी त्याची फजिती झाली. एक नर्स आजारी म्हाताऱ्याची मलमपट्टी करायला गेली असताना जिन्याची पायरी निखळली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. निळ्या पुस्तकात काळजी लिहिली होती ती 'भाडेकरू आणि त्याचे पाहुणे' यांचीच. मालकाचा वकील म्हणाला, "या कामाला आल्या होत्या, पाहुणचाराला नव्हे."

नर्सची वकीलबाई ग्रंथालयात ते पुस्तक पुढ्यात घेऊन कपाळाला हात लावून बसली. मला हसू फुटले. बरी जिरली!

तेवढ्यात कुबडी टेकत नर्स आत आली. "ताई, खरं सांगा," ती म्हणाली, "मी तिथे कुणीच नव्हते का?"

माझे हसू जागच्या जागी विरले.

"थांबा," वकीलबाई उठली. "हा कायदा ज्या निवाड्यावरून झाला, तोच काढू."

आणि कितीतरी काळाने मला कुणी हात लावला!

न्यायालयात मला वाचून न्यायाधीश म्हणाले, "विधिमंडळाचा कायदा आम्हाला मोडता येत नाही. त्यातल्या शब्दाचा अर्थ मात्र आम्हालाच लावावा लागतो. धोबिणीला मिळालेला हक्क काढून घ्यायचा असता, तर कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं असतं. म्हणून 'पाहुणे' या शब्दात कामाला आलेलेही येतात." नर्स जिंकली. उपचारांचा भार मालकावर पडला.

मला वाटले, आता माझे दिवस पालटले. कुठले काय! विधिमंडळाने लगेच कायदा दुरुस्त केला. 'पाहुणे' काढून 'रीतसर येणारी प्रत्येक व्यक्ती' असे घातले. शब्द माझे, पण माझ्या नावाचा उल्लेख नाही. लेकरू माझे, आडनाव त्याचे! वर नर्सचा निवाडा नव्या कोऱ्या खंडात छापून आला आणि तो खंड माझ्या दुसऱ्या बाजूला बसला. आता दोन्हीकडून जळायची सोय झाली.

बरी झाल्यावर नर्स पुन्हा आली. वकीलबाईने तिला सुधारलेल्या निळ्या पुस्तकाची प्रत दिली. "घरी न्या. तुमच्या आईंनाही वाचता येईल."

नर्सने ती पिशवीत टाकली. मला कोण घरी नेणार? एक जण उचलायला, एक जण धूळ झटकायला! त्या पिशवीचा मला फार हेवा वाटला. पण तिची आई ते पुस्तक वाचेल आणि आपला हक्क तिला कुणाला विचारावा लागणार नाही, हेही मनात आल्यावाचून राहिले नाही.

मित्रांनो, नवे कायदे जरूर वाचा. पण त्यांतला एखादा शब्द अडला तर आमच्याकडे या. आम्हाला ऊन दाखवा, उसवलो तर शिवून घ्या, रद्दीत घालू नका. आणि शेजारच्याला माझ्यासमोर फार वाखाणू नका. मी सगळे ऐकत असतो.