चारशे किलोमीटर, जाताना आणि येताना

विमानतळ म्हणायचा, इतकंच. एक धावपट्टी, एक पत्र्याची खोली आणि बाहेर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी. खोलीत टेबलापुढे सुईणबाई उभ्या होत्या. पलीकडच्या विमानतळाजवळ, खाणीच्या वस्तीत त्यांच्या लेकीचे दिवस भरले होते. तिथे डॉक्टर नाही, दुसरी सुईण नाही आणि पुढचं विमान चार दिवसांनी.

"आजचं उड्डाण रद्द," टेबलामागचे अधिकारी म्हणाले. "एरवी सकाळीच निघतं. आज चाक बदलण्यात तीन वीस झाले."

"मग आता निघू द्या."

"पलीकडे धावपट्टीवर दिवे नाहीत. साडेपाचच्या आत उतरावंच लागतं. अंतर चारशे किलोमीटर, वेळ अडीच तास. तीनलाच निघायला हवं होतं." त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. कागद त्यांनीच तयार केला होता.

"अडीच तास कुणी मोजले?"

"वही आहे ना. विमान इथे उतरलं की किती वेळ लागला ते लिहितो. वर्षभराच्या नोंदी आहेत."

"म्हणजे येणाऱ्या विमानाचा वेळ. जाणाऱ्याचा?"

"तो तिकडच्या वहीत. पण अंतर तेवढंच आहे हो, बाई. जाताना काय आखडतं?"

सुईणबाईंनी हातातली पिशवी टेबलावर ठेवली. बाई आता हलत नाहीत, हे अधिकाऱ्यांनी ओळखलं.

"दादा, मी रोज सायकलने दवाखान्यात जाते. जाताना पंधरा मिनिटं, येताना अर्धा तास. वारा इथे दिवसभर एकाच बाजूने वाहतो. सकाळी पाठीवर, संध्याकाळी तोंडावर. संध्याकाळी दवाखाना काय लांब जाऊन बसतो?"

दारात उभ्या असलेल्या वैमानिक बाई हसल्या. "येताना मी वाऱ्याशी भांडतच आले, मावशी. पण या मार्गावर माझा पहिलाच दिवस. सही यांची."

"चुकलं तर माझी नोकरी जाईल," अधिकारी म्हणाले.

"नोकरी सांभाळा. मी सही मागतच नाही. तिकडची वही वाचून घ्या, मग ठरवा."

अधिकाऱ्यांनी रेडिओ उचलला. पलीकडच्या माणसाला वही सापडायला दोन मिनिटं लागली. सुईणबाईंची नजर भिंतीवरच्या घड्याळावरून हलली नाही.

"एक चाळीस," रेडिओतून आवाज आला. "एक पंचेचाळीस. एक अडतीस. आज वारा नेहमीसारखाच, ताशी चाळीस. का हो?"

अधिकाऱ्यांनी कोऱ्या कागदावर स्वतः हिशेब मांडला. विमानाचा वेग दोनशे. येताना त्यातून चाळीस वजा, म्हणून अडीच तास. जाताना चाळीस जमा, दोनशे चाळीस. चारशेला तेवढ्याने भागलं. एक तास चाळीस मिनिटं. त्यांनी पुन्हा भागून पाहिलं. उत्तर तेच.

"तीन पन्नासपर्यंत निघालात तर चालेल," ते हळूच म्हणाले आणि सही केली. "वर्षभर हा कागद भिंतीवर आहे. कुणी विचारलं नाही."

"सकाळी निघणाऱ्याला घाई नसते," वैमानिक बाई म्हणाल्या. "चला मावशी."

तीन छत्तीसला विमान सुटलं. पाच वाजून अठरा मिनिटांनी ते उतरलं, तेव्हा उजेड चांगला होता. जावई धावपट्टीच्या कडेलाच उभा होता.

"दुपारपासून कळा येतायत," तो म्हणाला.

"किती मिनिटांनी?"

"मोजल्या नाहीत."

"मग आता वाटेत मला बाकीचं सांग," असं म्हणत सुईणबाई त्याच्यापुढे चालू लागल्या. घरात शिरताच त्यांनी लेकीच्या कपाळावर हात ठेवला आणि साबण मागितला.