उमाबाईच्या गाडीचा एक्सल

मकबूलनं उमाबाईच्या छोट्या पिकअपमध्ये टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं, तेव्हा लातूरच्या नांदेड रोडवरचे तीन-चार मेकॅनिक हातातली कामं टाकून बघायला आले होते. गाडीचं मूळचं पेट्रोल इंजिन जाम झालं होतं आणि त्याचे पार्ट मिळणं कधीच बंद झालं होतं. मकबूलनं पट्ट्या कापून नवीन माउंटिंग केली, गिअरबॉक्सला जोडायची प्लेट स्वतः घडवली, आणि पहिल्याच सेल्फला इंजिन लागलं. उमाबाईनं तिथंच सगळ्यांना पेढे वाटले.

पण गाडी चाळिसाच्या पुढं जाईना. मागचा एक्सल जुन्या पेट्रोल इंजिनाच्या हिशेबाचा होता. ते इंजिन भराभर फिरायचं. डिझेल फिरतं सावकाश, पण ओढ दांडगी. त्यामुळं इंजिन नुसतं बोंबलायचं आणि गाडी रेंगाळायची. वर दाळीचं वजन टाकलं की आतल्या क्राऊन-पिनियनचे दाते कण्हायला लागायचे. एक्सल बदलावा लागणार, हे मकबूलनंच उमाबाईला सांगितलं होतं. कुठला घालायचा, तेवढं ठरत नव्हतं.

उमाबाई औसा तालुक्यातली. भूकंपात तिचा नवरा गेला, घर गेलं. त्यानंतरच्या पत्र्याच्या छावणीत तिनं तीन-तीनशे माणसांचा स्वयंपाक सांभाळला. बाहेरून आलेली एक संस्था परत जाताना आपली पिकअप तिला देऊन गेली. मकबूल तेव्हा छावणीत जनरेटर दुरुस्त करायला यायचा. त्यानंच तिला छावणीमागच्या मोकळ्या रानात गाडी शिकवली. पुढं लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं, गल्लोगल्ली खोल्या करून राहणारी पोरं आली, आणि उमाबाईनं डबे सुरू केले. आता अडीचशे डबे जात होते. पदर खोचून पिकअप चालवणारी ही बाई सगळ्या लातूरला माहीत होती, आणि तिच्या गाडीचं बॉनेट मकबूलशिवाय कुणी उघडत नाही, हेही माहीत होतं. आठ वर्षांत तिनं कधी दुसऱ्याला विचारलं नव्हतं. मकबूलला त्याचा अभिमान होता. हा अभिमान किती मोठा आहे, ते त्याला मन्मथ येईपर्यंत कळलं नाही.

मन्मथ आणि मकबूल उदगीरला एकाच उस्तादाकडं शिकलेले. उस्ताद म्हणायचे, मकबूलचा हात चांगला, पण कान मन्मथचा. गाडी नुसती फाटकातून आत आली तरी मन्मथ आवाजावरून दोष सांगायचा. नंतर तो नांदेडला गेला, तिथं त्याचा मोठा वर्कशॉप झाला. पंधरा वर्षांत दोघं जेमतेम दोनदा भेटले होते.

त्या जूनमध्ये मन्मथ लेकीला, मंजुश्रीला, बारावीच्या शिकवणीला घालायला लातूरला आला. पोरीला डबा उमाबाईचा लावला. बोलता बोलता निघालं, की मन्मथचं गाव आणि उमाबाईचं माहेर एकच, निलंग्याकडचं. दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊनच गॅरेजात आली.

"मकबूलभाई, अण्णा बघतो म्हणतेत गाडी."

मकबूलला ते 'अण्णा' टोचलं. त्याला ती आठ वर्षं मकबूलभाई म्हणत होती, आदरानं. पण अण्णा म्हणताना तिचा आवाज माहेरच्या अंगणात असल्यासारखा सैल झाला होता. आणि हा माणूस तिला भेटून एक दिवस झाला होता.

मन्मथनं आधी इंजिन पाहिलं. प्लेटवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, असलं काम माझ्याकडच्या एकालाही जमायचं नाही. मग त्यानं मागची बाजू लोखंडी घोड्यांवर उचलून घेतली, गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टवर खडूची रेघ मारली आणि मकबूलला दुसरं चाक धरायला सांगितलं. दोघांनी मिळून दोन्ही चाकं एक फेरा फिरवली. शाफ्ट पाच फेरे पुरे करून किंचित पुढं गेला.

पिनियनला आठ आणि क्राऊनला एकेचाळीस दाते आहेत, मन्मथ म्हणाला. या इंजिनाला दहा-एकेचाळीस पाहिजे, म्हणजे चार फेऱ्यांवर येईल. प्रवासी व्हॅनचा तसा एक एक्सल माझ्याकडं पडून आहे. रुंदीला एवढाच, दात्यांचा गोळाही बरोबर मधोमध. वजनाला पुरून उरेल. कधीही घेऊन जा.

त्यात एकही शब्द चुकीचा नव्हता. मकबूलनं स्वतः आठवडाभर डोकं लावून जे जवळजवळ ठरवत आणलं होतं, ते मन्मथनं चहा निवायच्या आत सांगून टाकलं होतं. उमाबाई मन्मथकडं बघत होती. इंजिन लागलं त्या दिवशी ती मकबूलकडं अशीच बघत होती.

घरी मकबूलनं ताट तसंच सरकवलं. शबानानं, त्याच्या बायकोनं, काय झालं ते काढून घेतलं. ती म्हणाली, बाईनं कुणाला भाऊ म्हटलं तर तुमचं काय कमी झालं? मकबूल म्हणाला, प्रश्न एक्सलचा आहे, व्हॅनचा एक्सल दाळीच्या वजनाला टिकायचा नाही. शबाना त्याला वीस वर्षं ओळखत होती. तिनं ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो भंगारात गेला आणि जुन्या जीपचा मागचा एक्सल घेऊन आला. चांगला जाड, वजनदार. गॅरेजात उतरवून साफ केला तेव्हा त्याला दिसलं, की याचा गोळा मधोमध नाही, उजव्या अंगाला सरकलेला आहे. म्हणजे गिअरबॉक्सपासून निघालेला शाफ्ट तिरका जाणार, आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांवर, म्हणजे क्रॉसवर, सतत ताण येणार. रुंदीही चार बोटं जास्त होती. मकबूल बराच वेळ उकिडवा बसून त्या गोळ्याकडं बघत राहिला. परत नेऊन द्यायला भंगारवाला लांब नव्हता. पण परत नेणं म्हणजे नांदेडला फोन करणं होतं. त्यानं स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका वेल्ड केल्या, शाफ्ट कापून नवा बेतला आणि एक्सल चढवला.

उमाबाईनं विचारलं, अण्णा म्हणाले तो का नाही बसवला? मकबूल म्हणाला, ह्यो त्याच्या दुप्पट मजबूत हाय. तिनं मान डोलावली. तिला त्याचं म्हणणं पुरेसं होतं, आणि मकबूलला तेवढ्यापुरतं लई बरं वाटलं.

गाडी ओढायला लागली, पण पंचेचाळिसाच्या वर खालून थरथर यायची. उमाबाई दोनदा सांगायला आली. पहिल्यांदा मकबूलनं ग्रीस भरलं आणि म्हणाला, बसंल हळूहळू. दुसऱ्यांदा ती म्हणाली, अण्णांचा फोन आला होता पोरीसाठी, त्यांना सांगितलं तर म्हणाले मकबूलला क्रॉस बघायला सांगा. तोवर मकबूल खरंच क्रॉस बघायला गाडीखाली सरकत होता. ते ऐकून तो तसाच बाहेर आला, हात पुसले, आणि म्हणाला, क्रॉस चांगले हायत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी उमाबाई उदगीरहून तुरीची दाळ घेऊन एकटी येत होती. नळेगाव सोडल्यावर उताराला मागचा क्रॉस तुटला. सुटलेला शाफ्ट खाली आपटत गेला आणि त्यानं ब्रेकचा पाइप तोडला. पायाखालचा ब्रेक रिकामा गेला. समोरून हिरवा चारा भरलेली बैलगाडी येत होती. उमाबाईनं स्टिअरिंग डावीकडं ओढून पिकअप रानात घातली. काळ्या मातीत चाकं रुतली, गाडी एका अंगावर कलली आणि थांबली. तिचं मनगट मोडलं.

निरोप मिळाल्यावर मकबूल एका ओळखीच्या जीपमधून तिथं पोचला. उमाबाई बांधाला दाळीच्या पोत्यावर बसली होती, हात पदरात बांधलेला. गावातल्या बायकांनी तिला पाणी दिलं होतं. मकबूल आधी गाडीखाली शिरला. तुटलेला क्रॉस हातात घेतला. तो एका बाजूनं सुरीच्या धारेसारखा घासला होता. मकबूल तो घेऊन तिच्यासमोर खाली बघत उभा राहिला. 

उमाबाईनं त्याच्या हातातल्या लोखंडाकडं पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला माहीत व्हतं का, मकबूलभाई?"

ती गाडीचं काही शिकलेली नव्हती. पण माणूस खाली बघून उभा राहिला की त्याचा अर्थ काय, ते तिला कळत होतं.

"हाव," मकबूल म्हणाला. "बसवला त्या दिवशीच माहीत व्हतं."

"मग?"

"त्यो मन्मथनं सांगितलेला न्हवता, म्हणून बसवला."

 ती म्हणाली, भूकंपात भुईनं मारलं नाही मला, तुम्ही मारलं असतं. एवढंच म्हणाली, आणि दवाखान्यात जायला जीपमध्ये बसली. आधाराला म्हणून त्यानं पुढं केलेल्या हाताला तिनं हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मकबूल नांदेडला गेला. रस्ताभर तो मन्मथ काय काय म्हणेल ते ठरवत होता, आणि त्यावर आपण काय उत्तर द्यायचं तेही. वर्कशॉपच्या मागं पत्र्याखाली व्हॅनचा एक्सल ग्रीस लावून, पोत्यात गुंडाळून ठेवला होता. पोत्यावर खडूनं लिहिलं होतं: मकबूल, लातूर.

मकबूलनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मन्मथ ऐकत राहिला, आणि मग खऱ्या नवलानं म्हणाला, "माझ्यावर राग? मला वाटलं, तुला ह्या एक्सलात काही खोट दिसली असंल. मी परत दाते मोजले, दोनदा."

मकबूलला ते शिवीपेक्षा जास्त लागलं. पंधरा वर्षं तो ज्या शर्यतीत पळत होता, तीत दुसरा माणूस उतरलाच नव्हता. आणि असं असूनही मत्सर जाईना, याची त्याला लाज वाटली. असं साधं राहता येणंही याच्याच वाट्याला यावं, असं त्याच्या मनात आलं.

एक्सल मालाच्या ट्रकमधून लातूरला आला. मकबूलनं चार दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. वेल्ड केलेल्या बैठका घासून काढल्या, नव्या केल्या, शाफ्ट सरळ रेषेत आणला, ब्रेकचा पाइप पूर्ण नवा टाकला. तोवर डबे भाड्याच्या रिक्षातून जात होते. उमाबाई गॅरेजकडं फिरकली नाही. गाडी तयार आहे, असा निरोप शबानानं नेऊन दिला. उमाबाईनं तिला बसवून जेवू घातलं, आणि सांगितलं, की रविवारी येते.

रविवारी ती आली, प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवलेला. सोबत मन्मथ होता, लेकीला भेटायला आलेला. मकबूलनं दोघांना खुर्च्या दिल्या.

"अण्णा, जरा बघता का?" ती म्हणाली.

मन्मथ अवघडला. "मकबूलनं केलंय, बाई. बघायची गरज न्हाई."

"तरी बघा," उमाबाई म्हणाली. ती रागावलेली नव्हती. दुकानातून आणलेली दाळ चाळून घ्यावी, तसं तिनं ते सांगितलं.

मन्मथ कोट काढून गाडीखाली सरकला. मकबूल बाजूला उभा राहिला. या माणसाला एखादा ढिला बोल्ट सापडावा की सापडू नये, यांतलं आपल्याला काय हवंय, ते त्याचं त्यालाच कळेना. खालून मन्मथनं सतराचा पाना मागितला. मकबूल गुडघ्यावर बसला आणि त्यानं पाना त्याच्या हातात दिला.