खंडेनवमीची आंघोळ

मित्रांनो, या पृथ्वीतलावर माणसानं आजवर जे काही शोधलं, मोजलं, लिहिलं आणि गायलं, ते सगळं माझ्या झाकणाखाली सामावलेलं आहे. ज्ञानाचा असा महासागर तुम्ही क्वचितच पाहिला असेल. फक्त वायर भिंतीत खोचलेली पाहिजे, कारण माझी बॅटरी भाकरी उलटेपर्यंतही टिकत नाही.

मी एक जुना लॅपटॉप आहे. मुक्काम हट्टा, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथं माणसं तोंडाला फडकं बांधून, हातमोजे घालून वावरायची. पाण्याचा थेंब तर सोडाच, कुणी शिंकलं तरी चौकशी व्हायची. एवढ्या सोवळ्यात वाढलेल्या माझ्यापुढं काय वाढून ठेवलंय याची कल्पना असती, तर मी तेव्हाच पट्ट्यावरून खाली उडी घेतली असती.

उमेदीची वर्षं मी नांदेडला एका कचेरीत काढली. आधी सगळे म्हणायचे, काय चपळ आहे! पुढं तेच लोक माझं बटण दाबून चहा प्यायला जायचे आणि परत आले तरी मी सुरूच होत असायचो. मग मला कपाटावर टाकलं. तिथून मी वसमतला देविदासच्या दुरुस्तीच्या दुकानात आलो. देविदासनं माझी धूळ झटकली आणि "इंजन दमदार हाय" असं सांगून मला वैजनाथरावांना विकलं. वैजनाथराव हट्ट्याचे हळद लावणारे शेतकरी. इंजन दमदार म्हटल्यावर त्यांनी दुसरा प्रश्नच विचारला नाही.

मला घरात आणलं ते त्यांच्या बायकोसाठी, मंजुषासाठी. तिचं शेतकीचं शिक्षण लग्नामुळं अर्धं राहिलं होतं, ते ती परभणीला जाऊन-येऊन पुरं करत होती. प्रबंधाचा विषय होता हळदीचे गड्डे पोखरणारी कंदमाशी. "सून माशीवर लिहून राहिली म्हणं," असं म्हणून भावकी हसली, तेव्हा तिची सासू गोजरबाई ओसरीवरूनच कडाडली, "हसा, हसा. ती माशी आपलं वावर खाऊन राहिली तवा तुमी काय केलं? टॉवेलानं हुसकली?" त्यानंतर कुणी हसलं नाही. निदान ओसरीवर तरी नाही.

वर्षभर मंजुषानं माझ्यात तो प्रबंध उतरवला. दसरा झाला की द्यायचा होता. त्याची दुसरी प्रत एका पेनड्राइव्हवर होती. पण त्यात "कायबाय इंग्रजी" दिसलं म्हणून वैजनाथरावांनी ती पुसली आणि ट्रॅक्टरवर वाजवायची गाणी भरली. त्यामुळं आता जे काही होतं ते फक्त माझ्या पोटात होतं.

अशात खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातली हत्यारं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून पूजेला मांडतात. एकदा मांडली की दसरा होईपर्यंत त्यांना कुणी कामाला लावत नाही. पाटावर विळा आला, खुरपं आलं, कुऱ्हाड आली, वैजनाथरावांचा मोबाईलही आला. गोजरबाई पाटाकडं बघत राहिली. समद्यांची हत्यारं आली, सुनेचं कुठंय?

मंजुषा चुलीपुढं पुरण घाटत होती. मी आतल्या खोलीत उघडाच होतो, चौथं प्रकरण पडद्यावर. गोजरबाईनं मला अलगद उचललं आणि पाटावर बसवलं. वायर पुरली, हे माझं दुर्दैव.

विळ्याला तांब्याभर पाणी मिळालं. खुरप्यालाही तांब्याभर. मला नाजूक म्हणून अर्धाच तांब्या. पण वरून पंचामृत मात्र दोन पळ्या. सुनेचं हत्यार होतं ना. तिथं सासूनं हात आखडता घेतला नाही.

माझा पडदा पांढरा झाला, मग निळा झाला. मग चित्रातली कंदमाशी थरथरायला लागली.

"आत्याबाई!" मंजुषा हातातलं पुरण तसंच टाकून धावली. तिनं आधी भिंतीतलं बटण बंद करून वायर काढली. मग माझं बटण पडदा काळा होईपर्यंत दाबून धरलं. मग बॅटरी उपसली. मग मला उघडाच, पालथ्या पुस्तकासारखा टॉवेलावर उभा केला. माझ्यातून आधी पाणी गळलं, मागून दही.

गोजरबाईच्या हातात तांब्या तसाच होता. "म्या म्हनलं... तुजं हत्यार हाय ना हे."

मंजुषानं सासूच्या हातातला तांब्या काढून खाली ठेवला. "हाय, आत्याबाई," एवढंच म्हणाली.

वैजनाथराव अंगणातून आले ते सल्ला घेऊनच. "तांदळात पुर त्याला. न्हाईतर पत्र्यावर ऊन चांगलं हाय, हळदीवानी वाळंल." मंजुषानं देविदासला फोन लावला.

"नुसतं पानी हाय का, वहिनी?"

"पंचामृत बी हाय."

"मध घातलेलं?"

मंजुषानं सासूकडं बघितलं. सासूनं खाली मान घातली. "सनाचं हाय, भाऊ," मंजुषा म्हणाली.

पलीकडून सुस्कारा ऐकू आला. "तांदळाचा भात करून खा. त्यात ठिवलं तर भुसा आत जाईल. ऊन नको, चूल नको. हाय तसं पालथं राहू द्या. मधाचं चिकट म्या आतून साफ करतो. पर कायबी होऊ द्या, चालू करून बघू नका! ओल्यात करंट गेला तर खलास."

"आत्ताच घिऊन येतो," वैजनाथराव फोनात ओरडले.

"आन् उघडू कशानं? माजे पेचकस पूजेला बसलेत. माय हात लावू देईना. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी या."

मित्रांनो, इथं गोजरबाईचं तोंड जरा उजळलं. करंट तिला कळत नव्हता, पण हा कायदा बराबर कळत होता. तिनं मला कोरड्या पाटावर, समईपासून लांब, तसंच पालथं ठेवलं आणि जाहीर केलं, "पूजेत बसलंय. दसरा होईस्तोर कुनी शिवायचं न्हाई."

दसऱ्याच्या दुपारी घरात कुणी नाही असं बघून वैजनाथराव हळूच आले. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात वायर. त्यांना राहवत नव्हतं. दुसरी प्रत पुसून गाणी त्यांनीच भरली होती. त्यांनी मला उलटं केलं. बॅटरी खाचेला टेकली. मी मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेतला.

"ठिव खाली."

गोजरबाई खांबामागंच बसली होती.

"माय, नुसतं बघून राहिलो. जित्तं हाय का."

"पूजेतलं हत्यार काहून उचललंस?"

"मंग माजा मोबाईल? त्योबी पूजेत व्हता. सकाळीच उचलला की!"

"त्याला म्या न्हाऊ घातलं व्हतं का?"

वैजनाथरावांनी वायर गुंडाळली. बॅटरी निघाली, मी पुन्हा पालथा. त्या दिवशी गोजरबाई सोनं वाटायलाही बाहेर गेली नाही. मंजुषा जेवायला बोलवायला आली तर म्हणाली, "तू जेव. ह्याचं कळल्याबिगर मला घास जाईना. तुला शिकू द्या म्हनून म्याच भांडले, आन् म्याच पानी वतलं."

मंजुषा गेली नाही. ताट तिथंच घेऊन आली. दोघींनी माझ्याशेजारी बसून, पाणी लांब ठेवून, जेवण केलं.

दुसऱ्या दिवशी देविदासनं मला उघडलं. पंख्यात तुळशीचं पान निघालं. ते त्यानं नमस्कार करून बाजूला ठेवलं. मध स्पिरिटनं पुसला, दही ब्रशनं काढलं. कळफलक गेलाच होता, तो दुसरा बसवला. मग वायर लावली आणि बटण दाबलं. गोजरबाई स्टुलावर डोळे मिटून बसली होती.

पंखा घरघरला. पडदा उजळला. चौथं प्रकरण उघडलं आणि पडदाभर कंदमाशी आली, पाय-पंखांसकट.

गोजरबाईनं डोळे उघडले, एवढी मोठी माशी बघून पदर उगारला आणि मग तिला समजलं. "मंजू! जित्ती हाय गं! माशी जित्ती हाय!"

मंजुषा हसता हसता रडायला लागली. वैजनाथरावांनी खिशातून नवा पेनड्राइव्ह काढून गुपचूप टेबलावर ठेवला.

प्रबंध दिला गेला, मित्रांनो. तुमच्याही घरी कुणी माझ्या भावंडावर चहा सांडेल, ताक सांडेल. पाणी सांडणं हा अपघात आहे. लगेच चालू करून बघणं हा स्वभाव आहे. अपघातातून आम्ही वाचतो. म्हणून वायर काढा, बंद करा, पालथं ठेवा आणि हात मागं बांधून बसा. जमत नसेल तर घरातली एक गोजरबाई राखणीला बसवा.

माझी आता फार काळजी घेतात. पुन्हा थेंब लागू नये म्हणून गोजरबाईनं स्वतःच्या हातानं मला खताच्या पोत्याची खोळ शिवली आहे. टाके बारीक आहेत, माया मोठी आहे, आणि युरियाचा वास येतो. तेवढी खोळ कुणीतरी एकदा धुऊन घ्या. मी आत नसताना.