बोडक्या कपाळांच्या गाई

नेसा त्या दिवशी सायकल घेऊन निघाली ती निव्वळ पळ काढायला. उन्हाळाभर डोंगरावर, मुंतेराच्या कुरणात चरलेल्या गाई खाली उतरायचा दिवस होता. सगळं गाव रस्त्याकडेला उभं राहणार, पोरं शाळा बुडवणार, आणि तिचा भाऊ तुमाश कळपाच्या पुढे काठी घेऊन एखाद्या सरदारासारखा चालत येणार. त्याच्याशी नजरानजर नको, म्हणून बाईसाहेब उजाडताच उलट्या बाजूने डोंगर चढायला लागल्या. कुणी विचारलंच असतं तर म्हणाली असती, "मार्ग तपासायला चाललेय." तेही अगदीच खोटं नव्हतं. खडीवरून सायकल चालवायचे दरीतले मार्ग आखायचे आणि राखायचे, हेच तिचं काम होतं.

भांडणही एका मार्गावरूनच झालं होतं. डोंगराच्या खांद्यावरून जाणारी जुनी, गवताच्या गाड्यांची वाट तिने साफ करून घेतली आणि नव्या नकाशात घातली. वाट अशी देखणी, की चढताना दमलेला माणूसही शिव्या द्यायचं विसरायचा. फक्त ती तुमाशच्या झोपडीच्या अंगणातून जात होती. गेल्या उन्हाळ्यात झ्युरिकपासून मिलानपर्यंतचे सायकलवाले तिथे लोटले. त्यांनी गाईंच्या हौदात मोजे धुतले, वासरांच्या गळ्यात पडून फोटो काढले, आणि एका बाईने तर समोर एवढ्या गाई चरत असताना कॉफीत घालायला ओटचं दूध मागितलं. तुमाशचं डोकं फिरलं. यंदा जूनमध्ये गाई वर न्यायच्या आधीच त्याने वाटेवर शेणाचा ढीगच घातला.

गावच्या सभेत नेसा सगळ्यांदेखत ओरडली, "डोंगर तुझ्या बापाचा नाही!"

"तुझाही बाप तोच होता," तुमाश शांतपणे म्हणाला.

सभा खो खो हसली. ही दोघं सोडून. तेव्हा नेसाच्या तोंडून निघून गेलं, "पुन्हा तुझं तोंड पाहायचं नाही मला." तो टोपी घालून डोंगरावर निघून गेला, आणि अख्खा उन्हाळा दोघांत एक शब्द झाला नाही.

धुकं दाट होतं. नेसा चढत राहिली. खाली ओढ्याच्या काठची खडी गोलमटोल, टायरखाली गुरगुरणारी. मग लार्चच्या झाडांमध्ये पिवळ्या सुयांचा मऊ थर, तिथे चाकांचा आवाजच बंद होई. आणि त्याच्याही वर पाटीच्या दगडाचे पातळ तुकडे, मांडणीतल्या ताटल्यांसारखे किणकिणणारे. आपण कुठे आहोत ते तिला डोळे मिटूनही कळलं असतं. चढावर तिचं नेहमी असंच व्हायचं. पाय आपले फिरत राहायचे आणि ती स्वतः कुठेतरी भलतीकडेच असायची.

आज ती लहानपणात, बापाच्या लष्करातल्या जड काळ्या सायकलवर होती. पुढच्या दांडीवर ती, मागे पॅडल मारणारा तुमाश, त्याची हनुवटी तिच्या डोक्यावर टेकलेली. उतारावर दोघं एकाच सुरात किंचाळायची, कारण किंचाळलं की ब्रेक लागतात असं तुमाशने तिला सांगितलं होतं. आणि ती शहाणी कितीतरी वर्षं ते खरं मानत होती. धुक्यात ते किंचाळणं तिला इतकं स्पष्ट ऐकू आलं, की तिने वळून मागे पाहिलं. मागे तिच्याच टायरची एक रेघ होती, तीही हळूहळू पांढऱ्यात विरत चालली होती.

मग एकदम ऊन लागलं. ती डोंगराच्या खांद्यावर पोचली होती. खाली सगळी दरी साय धरलेल्या दुधासारखी पांढरी, निश्चल. सायकल गवतात आडवी करून ती बसली. खिशातला तोर्ताचा, अक्रोड भरलेल्या केकचा, तुकडा काढला आणि खायचा विसरली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. खालून घंटांचे आवाज यायला लागले, आधी स्वप्नातल्यासारखे, मग खरेखुरे. साय एका जागी फाटली आणि त्या फटीतून कळप दिसला.

पुढे पियुस होता, तिरोलहून दरवर्षी गाई राखायला येणारा गडी. तुमाश कुठे दिसेना. आणि गाईंची कपाळं बोडकी होती.

नेसाच्या हातातला तुकडा गळून पडला. उन्हाळा सुखरूप पार पडला, की गाई फुलं, देवदाराच्या फांद्या आणि रंगीत फिती लेवून नवरीसारख्या उतरतात. कुरणावर कुणी दगावलं, माणूस असो की जनावर, तर त्या बोडक्या उतरतात. मग तोंडाने काही सांगावं लागत नाही. गाव बघतं आणि टोप्या काढतं. मुंतेरावर फोन लागत नाही; बातमी येते ती अशीच, गाईंच्या कपाळावरून. शिवाय कळपाच्या पुढची जागा तुमाशने जिवंतपणी कुणाला दिली नसती.

ती उठली कधी, सायकलवर बसली कधी, तिलाही कळलं नाही. मधली वाट तीव्र उताराची होती. तिने स्वतःच ठोकलेली 'हळू उतरा' ही पाटी सर्रकन मागे गेली. पुन्हा धुकं आलं. चारी बाजूंनी घंटा वाजत होत्या, वरूनसुद्धा, आणि आपण उतरतोय की तरंगतोय तेच तिला समजेना. दगड उडत होते. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: पुन्हा तुझं तोंड पाहायचं नाही मला. देवाने नेमकं तेवढंच ऐकलं का? इतकी वर्षं बाकीचं काही ऐकलं नाही, आणि हेच बरं ऐकलं! शेवटच्या वळणावर चाक घसरलं. ती खडीत तोंडघशी पडली, गुडघा सोलवटला. तशीच उठली आणि सायकल ओढत रस्त्यावर आली.

कळप पुढे निघून गेला होता. धुक्यात फक्त शेपट्या दिसत होत्या. आणि त्यांच्याही मागून एक आवाज येत होता.

"चला महाराणी, चला! पालखी मागवू का आता? आळशी कुठली!"

लंगडणाऱ्या वासराच्या गळ्यात हात टाकून तुमाश येत होता.

नेसाने सायकल टाकली, धावत जाऊन त्याच्या छातीवर दोन गुद्दे मारले आणि मग त्याच छातीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागली.

"जिवंत आहेस तू!"

"मग? मरायचं होतं का? सभेत ठराव झालाय?"

"गाई बोडक्या का आणल्यास, गाढवा?"

तुमाश वासराच्या कानातली गवताची काडी काढत राहिला.

"दरवर्षी कोण बांधतं हार?" तो शेवटी म्हणाला.

 आई गेल्यापासून गाई उतरायच्या आदल्या संध्याकाळी नेसाच वर जायची. हार बांधता बांधता दोघं गावभरच्या लोकांची टिंगल करत बसायची. यंदा पियुस बांधेल, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

"फांद्या तोडून ठेवल्या होत्या मी," तुमाश म्हणाला. "फिती धुतल्या. कॉफी ठेवली. अंधार होईस्तोवर दारात बसलो. पियुस म्हणाला, मी बांधतो. म्हटलं, हात लावू नकोस."

"अरे, गावाला वाटेल कुणीतरी गेलं!"

"वाटू दे. मला तरी दुसरं काय वाटत होतं?"

 तुमाशने तिचा गुडघा पाहिला, खिशातला रुमाल काढला आणि वाकून बांधायला लागला.

"ही तुझी जगप्रसिद्ध खडी वाटतं? छान आहे. धुवायला पाणी नाही, ओटचं दूध चालेल?"

"मर मेल्या," ती म्हणाली आणि रडता रडता हसली.

दोघं खाली निघाली, मध्ये वासरू, एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला सायकल ढकलत ती. गावाच्या वेशीवर अ‍ॅकॉर्डियन वाजत होतं. पहिली बोडकी गाय दिसली आणि ते मध्येच थांबलं. टोप्या उतरल्या. बायांनी पोरांना जवळ ओढलं. त्या शांततेतून कळप, त्याच्या मागून ही दोघं चालत गेली. साऱ्या गावाची मावशी असलेली आंदा उर्सिना काठी टेकत पुढे आली. 

"कोण गेलं रे, तुमाश?"

"भांडण गेलं, आंदा," तो म्हणाला. "आमचं दोघांचं. आज सकाळी, वरच्या वळणावर."

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. पण ते शेवटचे शब्द बोलताना तुमाशचा आवाज फाटला होता, आणि तो फक्त नेसाला ऐकू आला. काल रात्रभर हा माणूस खरोखरच सुतक धरून बसला होता. तिने एका हाताने सायकल सावरली आणि दुसरा हात, सगळ्या गावादेखत, वासराच्या पाठीवरून त्याच्या हातावर ठेवला.