टालियाची पेनल्टी

कोच डेनहोफबाईंनी मॅरनच्या खांद्यावर हात ठेवला. ही बाई खांद्यावर हात ठेवते ती नको ते सांगायलाच, हे हार्लन क्रीक कॉलेजच्या टीममधल्या एकूण एक पोरीला ठाऊक होतं.

"पेनल्टीला जूनी उभी राहील," बाई म्हणाल्या. "तू आज कमाल केलीस. पण तिचे हात लांब आहेत."

झालं. चार वर्षांचा हिशेब एवढ्यात आटोपला. फायनल शून्य-शून्य राहिली होती, जादा वेळही संपला होता, आणि तेवढ्या सगळ्या वेळात सेंट ओडिलच्या पोरींनी गोलवर मारलेला एकही चेंडू मॅरनने आत जाऊ दिला नव्हता. एकदा तर खांबावर डोकं आपटून घेतलं होतं. कानामागे अजून ठणकत होतं. आणि आता ऐन वेळी बाकावरची पोरगी गोलमध्ये! कॉलेजच्या फुटबॉलमध्ये हे चालतं. पेनल्टीसाठी बाकावरची कुणीही आणा, गोलकीपरसुद्धा. आता चालतं म्हणून करायलाच हवं का? पण बाईंना गेल्या वर्षीची सेमीफायनल पचली नव्हती. तेव्हा मॅरनला एकही पेनल्टी अडवता आली नव्हती. वर्षभर बाईंनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, मनात मात्र नीट जपून ठेवलं.

मॅरन म्हणाली, "ठीक आहे, कोच."

दुसरं काय म्हणणार? आधी टीम, मग आपण, हे इथल्या पोरींना दुधाचे दात असल्यापासून शिकवलेलं असतं. तोंड वाकडं केलं तर स्वार्थी म्हणून शिक्का बसतो, आणि तो पदवीनंतरही पुसला जात नाही.

आज जिंकलं तर आठ कॉलेजांच्या गटाचा, म्हणजे कॉन्फरन्सचा, चषक होता आणि पुढे देशपातळीच्या स्पर्धेत आणखी निदान एक मॅच. हरलं तर मॅरनचं फुटबॉल आज इथेच, नोव्हेंबरच्या या बोचऱ्या वाऱ्यात, कायमचं बंद. मोठ्या क्लबांतून तिला कुणी बोलावणार नव्हतं. मे महिन्यात पदवी, मग टोलेडोला मावशीच्या विमा कचेरीत नोकरी. शेवट आपल्या हातमोज्यांवर व्हावा, मग तो हार असो की जीत, एवढंच तिला हवं होतं. स्टँडमधून वडील हातवारे करून विचारत होते, काय झालं? तिने त्यांच्याकडे पाठ फिरवली.

जूनी वेल्श पहिल्या वर्षाची. सहा फूट उंच, आणि अख्खी दुपार बाकावर बसून काकडलेली. हातमोज्याचा पट्टा तिला लावता येईना, तो मॅरननेच लावून दिला. लावताना दातओठ खात होती, पण लावून दिला.

"टालिया तुझी रूममेट होती ना गं?" जूनीने विचारलं. "पाचवी पेनल्टी तीच घेणार म्हणतात. कुठे मारते ती?"

मॅरनला हे स्वतःच्या घराच्या वाटेसारखं पाठ होतं. टालिया बॅकस दोन वर्षं तिच्या खोलीत राहिली होती. रोज संध्याकाळी सराव संपला की दोघी मागे थांबायच्या, टालिया मारायची, मॅरन अडवायची, आणि जी हरेल तिने खोली झाडायची. टालिया धावण्याआधी बुटाचं टोक दुसऱ्या पायाच्या मोज्यावर पुसायची, आणि पुसलं की चेंडू जमिनीलगत गोलकीपरच्या उजव्या हाताला. दरवेळी. स्वतः टालियालाही ते बदलता आलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी दोघी मिळून कॅप्टन होणार होत्या. तर उन्हाळ्यात ही बया कॉलेज बदलून सेंट ओडिलला गेली, आणि मॅरनला ते कळलं इतरांना कळलं तेव्हाच, फोनवरच्या बातमीतून. जवळच्या मैत्रिणीने इतकं तोंडघशी पाडावं!

"तिचं काही ठरलेलं नसतं," मॅरन म्हणाली. "तिचे पाय बघ."

तेवढ्यात सहायक कोच रीड आला. प्रत्येक पेनल्टीच्या वेळी बाकावरून उडीच्या बाजूचा हात वर करून खूण करायची असं त्याचं जूनीशी आधीच ठरलं होतं. सेंट ओडिलच्या बाकीच्या पोरींच्या पेनल्ट्यांचे व्हिडिओ त्याने पाहून ठेवले होते. पण टालियाने यंदा एकही घेतली नव्हती.

"टालियाच्या वेळी खूण तू कर," तो मॅरनला म्हणाला. "तुला ती ओळखीची."

"बघते," मॅरन म्हणाली.

रीडने मान डोलावली आणि जूनीला तसं सांगितलं.

पेनल्ट्या सुरू झाल्या. मॅरन अंगावर जाड कोट घेऊन बाकापुढे उभी राहिली, हात खिशात. जूनीने दुसरीच पेनल्टी अडवली, तेव्हा बाकावर एकच कल्ला झाला आणि मॅरनच्या घशात कडू आलं. आपल्याच टीमने अडवलेली पेनल्टी, आणि हिला कडू! मग हार्लन क्रीकचीही एक बाहेर गेली. पण पाचवी हार्लन क्रीकच्या पोरीने घातली आणि चार-तीन अशी आघाडी झाली. आता टालियाचा चेंडू अडवला की चषक आपला.

टालियाने चेंडू ठेवला, मागे गेली. बुटाचं टोक मोज्यावर पुसलं.

जूनीने बाकाकडे पाहिलं. सरळ मॅरनकडे.

मॅरनला हरायचं नव्हतं, हे देवाशपथ खरं. डेनहोफबाई चुकल्या हे सगळ्यांना दिसावं, एवढंच तिला हवं होतं. बाई चुकणं आणि टीम हरणं एकच आहे, हे त्या घडीला तिच्या डोक्यात शिरलं नाही. आणि शिरलं असतं तरी तिने काय केलं असतं कोण जाणे. उजवा हात खिशातून काढून वर करायचा होता. हात निघाला नाही. मूग गिळून उभी राहिली ती.

शिटी वाजली. टालियाने मारला तो जमिनीलगत, जूनीच्या उजव्या हाताला. जूनी डावीकडे झेपावली होती. चार-चार झाले. त्यानंतर हार्लन क्रीकच्या सहाव्या पोरीचा चेंडू खांबाला लागला, सेंट ओडिलच्या पोरीने बिनघोर आपला आत घातला, आणि संपलं.

दोन्ही टीम ओळीने हात मिळवत निघाल्या. टालिया समोर आली आणि ओळ मोडून मॅरनच्या गळ्यात पडली. तिला घामाचा आणि त्याच जुन्या शाम्पूचा वास येत होता.

"तू गोलमध्ये नव्हतीस ते बघून माझा जीव भांड्यात पडला," ती कानाशी म्हणाली. मग हळू आवाजात: "तू तिला सांगितलं नाहीस."

मॅरनने मिठी सोडवली.

"थँक्स गं," टालिया म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं होतं. मॅरनला तिथल्या तिथे गवतात गाडून घ्यावंसं वाटलं.

बक्षिसं झाली. पेनल्टीवर सुटलेली मॅच कॉलेजच्या नोंदीत बरोबरीच धरतात, आणि पेनल्टीचे गोल गोलकीपरच्या नावावर चढत नाहीत. त्यामुळे घोषणा झाली, की स्पर्धेत एकही गोल न खाल्लेली हार्लन क्रीकची मॅरन ओस्टरहाउट ही सर्वोत्तम बचाव खेळाडू. लाकडी फळीवर पितळी पट्टी. डेनहोफबाईंनी सगळ्यांदेखत मिठी मारली आणि निर्णय आपला चुकला असं चक्क कबूल केलं. जे ऐकायला मॅरनचा जीव तळमळत होता, तेच. मॅरनने पट्टीवरून नजर वर केली नाही. सगळ्यांत जोरात टाळ्या जूनी वाजवत होती, डोळे सुजलेले, नाक लाल.

बसमध्ये जूनी येऊन तिच्याच शेजारी बसली. बाहेर मक्याची कापलेली शेतं मागे पळत होती. पुढे कुणीतरी मुसमुसत होतं. मॅरनने खिडकीकडे तोंड केलं, पण जूनी उठेना. तिच्या हातांना अजून ऊब आली नव्हती. ते मांडीखाली दाबून ती म्हणाली, की तुझी शेवटची मॅच माझ्यामुळे गेली, आता तुला तोंड कसं दाखवू.

"तुझी चूक नाही," मॅरन म्हणाली. दिवसभरात तिच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खरं वाक्य होतं.

"रीड म्हणत होता, मॅरनने खूण का नाही केली," जूनी म्हणाली. "मी त्याला म्हटलं, तिला माहीत असतं तर तिने केली नसती का? तुझा हात हलला नाही तेव्हाच मी ओळखलं, की तुलाही माहीत नाही. म्हणून मी आपली अंदाजाने उडी मारली. बरोबर ना?"

मॅरनने तिच्याकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली.

जूनीने डोकं तिच्या खांद्यावर टेकलं, आणि कॉलेज येईपर्यंत ती तशीच झोपली.